तीन पेडांचा दोर

रत्नागिरीत झाडगावला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे. तिथं देवमाशाचा ५५ फूट लांबीचा सांगाडा ठेवलेला आहे. नातवंडांना घेऊन मी तिथं अनेकदा जातो. परवा गेलो, तेव्हा धाकटी नात त्या सांगाड्यापुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, हे दगडाचं केलंय?"

"नाही गं बाय, खरी हाडं आहेत."

ती गप्प झाली. बाहेर आल्यावर हळूच म्हणाली, "आमच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याचं हाड सारखं मोडतं. यंदा तिसऱ्यांदा प्लास्टर घातलंय. परवा तर नुसता बाकावरून उठला आणि पाय मोडला. सगळ्या बायका म्हणतात, त्याच्या आईने त्याला नीट खाऊ-पिऊ घातलं नाही."

हे ऐकून माझ्या मनाला लागलं. रस्त्यात उभं राहून दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखा तो प्रश्न नव्हता. रात्री जेवणं झाली, बाहेर पागोळ्या गळत होत्या, सगळी पोरं ओटीवर जमली. तेव्हा त्यांना जे सांगितलं, तेच इथं लिहितो आहे.

पोरांनो, आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. हाड म्हणजे दगड नव्हे. मत्स्यालयातलं हाड मेलेलं आहे, म्हणून ते दगडासारखं दिसतं. तुमच्या अंगातलं हाड जिवंत आहे. त्यात रक्त फिरतं, त्याला दुखतं, आणि ते रोज थोडं मोडतं, रोज थोडं नव्याने बांधलं जातं.

हे माणसाला कळलं कसं? त्याची गोष्ट १७३६ सालची, लंडनमधली. जॉन बेल्चियर नावाचे एक शल्यवैद्य कापड रंगवणाऱ्या एका कारखानदाराकडे जेवायला गेले होते. पानात डुकराचं मांस आलं. पाहतात तर त्याची हाडं लालभडक! चौकशी केली तेव्हा कळलं, की कापड रंगवून उरलेला कोंडा त्या डुकरांना खाऊ घालत असत, आणि त्या कोंड्यात मॅडर या झाडाच्या मुळांचा लाल रंग मुरलेला असे. हे मॅडर म्हणजे आपल्या मंजिष्ठेची चुलत बहीण. मांस नेहमीसारखं, लाल झाली होती ती फक्त हाडं. पुढे काही जणांनी जनावरांना थोडे दिवस हा रंग घालून, थोडे दिवस बंद करून पाहिलं. हाडात लाल थर, पांढरा थर, पुन्हा लाल थर असे थर उमटले. म्हणजे हाडावर रोज नवं बांधकाम चालतं, आणि त्या दिवसांत जे खाण्यात असेल त्याची खूण त्यात राहते.

या बांधकामावर दोन तऱ्हेचे कामगार असतात. एक गवंडी, म्हणजे नवं हाड रचणाऱ्या पेशी. दुसरे पाडेकरी, म्हणजे जुनं, झिजलेलं हाड विरघळवून काढून टाकणाऱ्या पेशी. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दर वर्षी असा नवा होतो. मी आज ज्या हाडांवर बसलो आहे, ती बहुतांशी दहा वर्षांपूर्वीची नव्हेत.

"मग हाड लांब कसं होतं?" थोरल्या नातवाने विचारलं. त्याची उंची यंदा भराभर वाढते आहे, म्हणून त्याला ती चिंता.

त्याला मी परसातल्या माडाची आठवण करून दिली. माडाच्या बुंध्यावर कोयत्याने खूण केली, तर दहा वर्षांनीही ती तेवढ्याच उंचीवर राहते. कारण माड बुंध्यात लांब होत नाही, शेंड्याला वाढतो. हाडाचंही तसंच. १७२७ साली स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने कोंबडीच्या पिल्लाच्या तंगडीच्या हाडाला अर्ध्या इंचाच्या अंतरावर दोन बारीक भोकं पाडल्याचं लिहून ठेवलं आहे. दोन महिन्यांनी पाहिलं तर हाड चांगलं लांब झालं होतं, पण भोकांमधलं अंतर तेवढंच होतं. हाड वाढलं होतं ते टोकांकडे. लहान मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते. तिच्यात पेशी एकीवर एक चढत जातात, मागच्या पेशींच्या जागी हाड तयार होतं, आणि हाड पुढे सरकतं. तीच त्याची वाढचकती. वयात आल्यावर ती हाडात मिसळून जाते आणि उंची थांबते.

या वाढचकतीला निसर्गाने एक लगामही दिला आहे. काही बाळांत जन्मतःच तो लगाम घट्ट ओढलेला राहतो. त्यांचे हातपाय आखूड राहतात, धड मात्र नेहमीएवढं असतं. या ठेंगणेपणाला अकॉन्ड्रोप्लेजिया म्हणतात. १९९४ साली शास्त्रज्ञांनी त्याचं मूळ शोधलं. एका जनुकातलं, म्हणजे अंग घडवण्याच्या लिखित कृतीतलं, एक अक्षर बदललेलं असतं, एवढंच. अशा दहातल्या आठ मुलांचे आईबाप नेहमीच्या उंचीचे असतात. तो बदल त्या बाळातच पहिल्यांदा घडतो. बुद्धीला त्याने काही होत नाही.

आता वर्गातल्या त्या मुलाकडे येऊ.

गेल्या आठवड्यात मी तुमच्याकडून एक प्रयोग करून घेतला होता, आठवतो? कोंबडीच्या तंगडीची दोन हाडं घेतली होती. एक व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं, एक चुलीतल्या निखाऱ्यात भाजलं. व्हिनेगरने हाडातला क्षार विरघळवला. काही दिवसांनी हाड बाहेर काढलं, तर रबरासारखं वाकलं! भाजलेलं हाड दिसायला जसंच्या तसं, पांढरं शुभ्र, पण बोटाने दाबलं तर भुगा झाला. याचा अर्थ हाड दोन वस्तूंचं बनलेलं आहे. एक वस्तू वाकते पण तुटत नाही. दुसरी कडक असते पण फुटते. दोन्ही एकत्र आल्या की ती वस्तू कडकही राहते आणि सहज मोडत नाही.

कडक वस्तू म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचा क्षार. वाकणारी वस्तू म्हणजे कोलॅजन नावाचं प्रथिन. हे कोलॅजन कसं असतं, ते कोकणातल्या पोराला सांगायला नको. सोडणं कुजवून, बडवून काथ्या काढतात आणि पीळ देऊन दोर वळतात, ते तुम्ही पाहिलं आहे. कोलॅजन म्हणजे तीन पेडांचा दोर. हे कोडं सोडवण्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. १९५४-५५ मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेवर क्ष-किरण टाकून अभ्यास केला आणि तीन पेड एकमेकांभोवती कसे वळलेले असतात ते दाखवलं.

प्रत्येक पेड म्हणजे हजारभर मण्यांची, म्हणजे अमिनो आम्लांची, माळ. त्यात दर तिसरा मणी ग्लायसीनचा असावाच लागतो. का? कारण तीन पेड वळताना दर तिसरा मणी दोराच्या अगदी आतल्या बाजूला येतो, तिथं जागा फार थोडी, आणि ग्लायसीन हा सगळ्यात लहान मणी आहे. तिथं चुकून एखादा मोठा मणी बसला, तर दोर त्या ठिकाणी फुगतो. पीळ नीट बसत नाही, आणि अशा दोरावर क्षाराची रचनाही नीट होत नाही.

हाडांतल्या कोलॅजनचे दोन पेड वळण्याची कृती आपल्या १७ क्रमांकाच्या गुणसूत्रावर लिहिलेली असते, तिसऱ्या पेडाची ७ क्रमांकाच्या. त्या लांबलचक लिखाणात एखादं अक्षर बदललं आणि ग्लायसीनची जागा मोठ्या मण्याने घेतली, तर जन्मतः हाडं ठिसूळ होतात. याला ऑस्टिओजेनेसिस इम्पर्फेक्टा म्हणतात. साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो. काहींना आयुष्यात दोन-चारदाच प्लास्टर लागतं, काहींची हाडं आईच्या पोटातच मोडलेली असतात. पुष्कळांच्या डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसतो. त्या पांढऱ्या पडद्यातही कोलॅजनच असतं. पडदा पातळ झाला, की आतला गडद थर त्यातून झळकतो. १९७९ साली ऑस्ट्रेलियात डेव्हिड सायलेन्स यांनी या आजाराचे चार प्रकार वेगळे करून दाखवले. आज त्याहून बरेच प्रकार माहीत आहेत.

"म्हणजे त्याने दूध प्यायलं नाही म्हणून नाही?" नातीने विचारलं.

नाही बाय. पोटात हंडाभर दूध ओतलं, तरी दोराचा पीळ सुधारत नाही.

पण दुसरा एक आजार आहे, त्यात खाण्यापिण्याचा आणि उन्हाचा खरंच संबंध आहे. लोक दोन्हींची गल्लत करतात, म्हणून तोही सांगतो. आपलं घर जांभ्या चिऱ्याचं आहे. चिरा खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो, म्हणून तर तो हवा तसा तासता येतो. पुढे वारा-ऊन लागून तो कडक होतो. नवं हाडही असंच आधी मऊ असतं. दोर विणून झाले की त्यांत क्षार भरत जातो आणि ते टणक होतं. क्षार पुरेसा मिळाला नाही, तर हाड मऊच राहतं आणि अंगाच्या भाराने वाकतं. पाय धनुष्यासारखे बाकतात, मनगटं जाड होतात, छातीच्या फासळ्यांवर मण्यांसारख्या गाठी येतात. हाच मुडदूस.

युरोपातल्या धुराने काळवंडलेल्या शहरांत मुडदूस घरोघरी होता. कोणी म्हणे हवा वाईट, कोणी म्हणे अन्न वाईट. याचं एक मोठं उत्तर आपल्या नाशिकमधून मिळालं. १९२२ साली डॉक्टर हचिसन आणि डॉक्टर शाह यांनी तिथली पाहणी प्रसिद्ध केली. शेतात, रानात दिवसभर राबणाऱ्या गरिबांची मुलं निकस खात होती, पण त्यांच्यात मुडदूस नव्हता. तो होता तो पडदा पाळणाऱ्या घरांत, मग ती मुसलमानांची असोत की वरच्या जातीच्या हिंदूंची. तिथं खायला चांगलं होतं, पण बायका-मुलं अंधाऱ्या माजघरात बसून असत. उणीव होती ती उन्हाची. त्याआधी १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना दिव्यातले अतिनील किरण दिले होते आणि त्यांची हाडं भरून आली होती. एका हातावर किरण टाकले, तर दुसऱ्या हाताचं हाडही सुधारलं. म्हणजे कातडीत काहीतरी तयार होतं आणि रक्तावाटे सगळीकडे पोहोचतं. तेच ड जीवनसत्त्व. ते असलं तरच आतडी अन्नातलं कॅल्शियम नीट शोषून घेतात.

इथं एक समज दुरुस्त करून घ्या. सकाळचं कोवळं ऊन बाळाला चांगलं, असं आपण म्हणतो. पण कोवळ्या उन्हात हे किरण फार थोडे असतात. साधी खूण सांगतो. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हाचं ऊन ड जीवनसत्त्व देतं. उन्हात भाजून घ्यायचं नाही, पण हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ खेळायचं. तान्ह्या बाळांना पहिल्या वर्षात डॉक्टर रोज ४०० एकक ड जीवनसत्त्वाचे थेंब देतात, ते चुकवायचे नाहीत. जोडीला नाचणी खायची. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच तांदळात दहा मिलिग्रॅमसुद्धा नसतं. नाचणीला मोड आणून सत्त्व केलं, तर ते कॅल्शियम अंगी अधिक लागतं. काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी आणि जवळाही हाडांना उत्तम.

आता या गोष्टीतला अवघड भाग. १९३७ साली अमेरिकेत फुलर ऑलब्राइट यांनी एका १६ वर्षांच्या मुलाची हकिकत लिहिली. त्याला मुडदूस होता, पण नेहमीच्या मात्रेतल्या ड जीवनसत्त्वाला तो दाद देत नव्हता. का, ते कळायला पुढे साठ-पासष्ट वर्षं लागली. १९९५ साली त्यामागचं जनुक सापडलं, आणि २००० नंतर कळलं, की हाडं स्वतःच एक संप्रेरक तयार करतात. फॉस्फरस किती ठेवायचा आणि किती सोडायचा, हे ते मूत्रपिंडांना सांगतं. ते संप्रेरक प्रमाणाबाहेर झालं, की फॉस्फरस लघवीवाटे वाहून जातो. कितीही खा, कितीही उन्हात बसा, चिरा मऊच! हा आनुवंशिक मुडदूस बापाकडून सगळ्या मुलींना येतो, मुलग्यांना येत नाही, कारण ते जनुक क्ष गुणसूत्रावर असतं. आईकडून मात्र मुलगा असो वा मुलगी, निम्मी शक्यता असते. अशा मुलांना दिवसातून अनेकदा फॉस्फरस आणि सोबत ड जीवनसत्त्वाचं विशिष्ट औषध द्यावं लागतं. त्या वाढलेल्या संप्रेरकालाच अडवणारं इंजेक्शन २०१८ पासून जगात मिळू लागलं आहे, पण ते अतिशय महाग आहे. म्हणून सांगतो, ड जीवनसत्त्व घेऊनही पायांचा बाक जात नसेल, तर बाळाला नुसत्या गोळ्या वाढवून देत बसू नये, रक्तातला फॉस्फरस तपासून घ्यावा.

"आणि पाडेकरी आलेच नाहीत तर?" थोरल्याने विचारलं.

तोही आजार आहे. १९०४ साली जर्मनीत अल्बर्स-शोनबर्ग यांनी क्ष-किरणांच्या चित्रात संगमरवरासारखी पांढरी, घट्ट हाडं पाहिली. जुनं काढलंच जात नाही, नवं मात्र साठत जातं. हाड जाड होतं, पण तरीही मोडतं, कारण जुन्या थरांवर नवे थर चढवून बांधलेली भिंत मजबूत होत नाही. हाडाच्या पोकळीत रक्त तयार होतं, त्या पोकळीलाही जागा उरत नाही. बालपणातला तीव्र प्रकार आईबाप दोघांकडूनही बदललेलं जनुक आलं तरच होतो. दोघेही स्वतः धडधाकट असतात, पण प्रत्येक बाळाला चारात एक धोका असतो. जवळच्या नात्यात लग्न झालं, तर हा योग जुळण्याची शक्यता वाढते. पाडेकरी रक्ताच्या मूळपेशींपासून बनतात, म्हणून काही बाळांना दुसऱ्याच्या मूळपेशी देऊन वाचवता येतं.

पोरांनो, आता दोष कोणाचा, ते पाहू. सह्याद्रीपलीकडे कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यात सागर तालुक्यात हंडिगोडू नावाचं गाव आहे. १९७०च्या दशकात तिथल्या काही कुटुंबांत कमरेचे आणि गुडघ्यांचे सांधे झिजून चालणं अवघड झालेली, उंची खुंटलेली माणसं डॉक्टरांच्या नजरेस पडली. आधी संशय भातशेतातल्या कीटकनाशकांवर आणि त्या शेतात पकडून खाल्लेल्या खेकड्यांवर गेला. पुढे तपासणी झाली, तेव्हा कळलं, की हाडं आणि सांधे घडण्यातला हा दोष कुटुंबातून चालत येतो आणि आईबापांपैकी एकाकडून मुलांत उतरतो. खेकडे निर्दोष होते. ती माणसंही निर्दोष होती. अक्षर बदलतं, ते कोणी ठरवून बदलत नाही. आईच्या डोहाळ्यांमुळे नाही, ग्रहणामुळे नाही, कोणाच्या शापाने तर नाहीच नाही.

नात पुन्हा म्हणाली, "मग आमच्या वर्गातला तो मुलगा बरा होईल का?"

अक्षर दुरुस्त करता येत नाही अजून, पण पुष्कळ काही करता येतं. कॅनडात मॉन्ट्रियलला फ्रान्सिस ग्लोरिओ यांनी ठिसूळ हाडांचा तीव्र आजार असलेल्या मुलांना पाडेकऱ्यांचा वेग कमी करणारं औषध शिरेतून देऊन पाहिलं आणि १९९८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हाडं दाट झाली, मोडण्याचं प्रमाण घटलं, दुखणं कमी झालं. आज ही औषधं आपल्याकडेही देतात. शस्त्रक्रिया करून लांब हाडात छत्रीच्या दांड्यासारखी आतून बाहेर सरकणारी सळई बसवतात. मूल वाढतं तशी ती वाढते. भारत सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात ठिसूळ हाडांचा हा आजार आहे आणि मुंबईचं के. ई. एम. रुग्णालय हे त्या धोरणातलं एक केंद्र आहे. पुण्यात जहांगीर रुग्णालयाच्या संशोधन संस्थेत वामन आणि अनुराधा खाडिलकर यांनी भारतीय मुलांची वाढ आणि हाडं यांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. रत्नागिरीहून गाडीत बसलं, की हे सगळं एका रात्रीच्या अंतरावर आहे.

आणि पाणी! पुन्हा त्या देवमाशाकडे चला. एवढा अजस्र जीव समुद्रात पिसासारखा तरंगतो, कारण त्याचा भार पाणी पेलतं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला देवमाशाचं पिल्लू लागलं होतं. गावकरी, वनखातं, मच्छीमार सगळे त्याला समुद्रात सोडायला झटले, पण ते वाचलं नाही. वाळूवर आलं, की देवमाशाचं अंगच त्याला जड होतं. ठिसूळ हाडांच्या मुलांनाही पाण्यात व्यायाम करायला सांगतात, ते याचसाठी. पाण्यात हाडांवर भार कमी येतो, पण स्नायू बळकट होतात. नुसतं अंथरुणावर पडून राहिलं, तर हाडं आणखी कमजोर होतात.

गोष्ट संपली तेव्हा पाऊस थांबला होता. नात म्हणाली, "आबा, मी त्याला घरी बोलावू?"

जरूर बोलाव. शाळेत त्याचं दप्तर तू घे, जिन्यात त्याच्या पुढे चाल, म्हणजे कोणाचा धक्का लागणार नाही. पण त्याचा हात धरून ओढू नकोस. खेळात त्याला पंच कर, गुण मोजायला बसव, कॅरमला घे.

आणि मोठ्यांना मला दोन शब्द सांगायचे आहेत. तुमच्या घरात किंवा शेजारी एखाद्या मुलाचं हाड किरकोळ धक्क्याने पुन्हा पुन्हा मोडत असेल, डोळे निळसर दिसत असतील, पाय बाकत असतील किंवा उंची अडली असेल, तर त्याला बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि हाडांच्या आनुवंशिक आजाराविषयी स्पष्ट विचारा. अशा तान्ह्या बाळाचा लंगोट बदलताना पाय धरून वर उचलू नका, कुल्ल्यांखाली आणि पाठीखाली हात घालून उचला. त्याच्या आईला काय खायला घातलंस म्हणून विचारू नका. ती रात्र-रात्र जागते आहे. तिला विचारा, दवाखान्यात जाताना सोबत येऊ का?